पाचच्या दवाखान्याची पाटी

दिवाळीच्या आमंत्रणावर पहिलं नाव कुणाचं, यावरून बुधवारी सकाळी आयर्लंडमधल्या लेटरकेनीत सासू-सुनेचं जरासं वाजलं.

भांडण म्हणावं असं काही नव्हतं. सुरुचीने मोबाइलवर आमंत्रण तयार केलं होतं. गावातल्या आणि आसपासच्या अकरा मराठी घरांची दिवाळी. हॉल तिने ठरवलेला, भाजणी डब्लिनहून तिने मागवलेली, चकलीचा सोऱ्याही तिचाच. खाली लिहिलं होतं, 'आपल्या, सुरुची आणि मैत्रिणी'. विभावरीबाईंनी चष्मा लावून ते नीट वाचलं आणि विचारलं, "प्रतापरावांचं नाव कुठाय?"

"प्रतापकाका काय करणारेत, आई? येणार, जेवणार आणि मागच्या वर्षीसारखा फराळाचा डबा भरून नेणार."

"वयानं मोठे आहेत की. मोठ्या माणसाचं नाव वर घातलं की कार्याला शोभा येते. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर निमंत्रक म्हणून चुलत आजोबांचं नाव होतं. ते अंथरुणाला खिळलेले, मांडवात आलेसुद्धा नाहीत."

"म्हणजे चकल्या आमच्या आणि शोभा काकांची."

"अगं, काम कोण करतंय ते सगळ्यांना ठाऊक असतंच."

"बरं, घालते दुपारी," सुरुची म्हणाली आणि आपल्या कामाच्या मीटिंगला लॅपटॉपपाशी जाऊन बसली.

काम कोण करतंय ते सगळ्यांना ठाऊक असतंच, हे वाक्य विभावरीबाई जन्मभर बोलत आल्या होत्या. इचलकरंजीत बोलल्या, इंग्लंडात बोलल्या, इथे येऊनही बोलत होत्या. त्याच दुपारी ते वाक्य माघारी फिरून त्यांच्या दारात येऊन उभं राहिलं.

विभावरीबाई मगदूम एकोणऐंशीच्या. नवरा चंद्रहास कापडगिरणीतला इंजिनिअर. १९६९ साली तो त्यांना घेऊन उत्तर इंग्लंडमधल्या एल्मरडेल नावाच्या खोऱ्यात गेला. नदीकाठाने एकापुढे एक नऊ गिरण्या, वर टेकडीला चिकटलेली दगडी घरं आणि प्रत्येक वळणावर एक चॅपेल. बारा वर्षं तिथे काढली. शेवटची गिरणी बंद पडली तशी मंडळी इचलकरंजीला परतली. पुढे चंद्रहास गेला आणि तीन वर्षांपूर्वी मुलगा सलील आईला इकडे घेऊन आला. सलील लेटरकेनीच्या हॉस्पिटलात हाडांचा डॉक्टर. जन्म मात्र त्याचा एल्मरडेलचा.

ते खोरं विभावरीबाईंच्या मनातून कधी उतरलंच नाही. तिथे आता हौशी माणसांचं एक इतिहास मंडळ आहे. ते दर महिन्याला ईमेलने पत्रक पाठवतं आणि जुने फोटो टाकून 'हे कोण?' म्हणून विचारतं. विभावरीबाई उत्तरं द्यायच्या. बारा वर्षं त्या तिथल्या डॉक्टर हॅरवुड यांच्या दवाखान्यात कारकून होत्या, खोऱ्यातलं प्रत्येक नाव त्यांच्या हातून रजिस्टरात गेलेलं. एकदा एका फोटोखाली एडिथ पिकल्स असं छापून आलं. त्यांनी कळवलं, ही एडिथ नव्हे, तिची बहीण. एडिथची डाव्या हाताची करंगळी मागात गेली होती, फोटोतल्या बाईला पाचही बोटं आहेत. मंडळवाले थक्क झाले. खोऱ्यातली मोठी माणसंही त्यांना तोंडपाठ होती. विणकऱ्यांसाठी रात्रशाळा काढणारा लंगडा जोशुआ थ्वेट, टेकडीवरच्या घरांना नळाचं पाणी मिळावं म्हणून चौदा वर्षं पालिकेच्या पायऱ्या झिजवणारी मिस ऑर्मरॉइड, ऑर्गनचे फाटलेले भाते स्वतः शिवून रविवारी वाजवणारा चांभार एबेल. ही माणसं विभावरीबाईंच्या जन्माआधी कधीच मेलेली. पण कुठे कोण राहायचं ते त्या शेजारणीचं घर सांगावं तसं सांगायच्या.

बुधवारी दुपारी पत्रक आलं. पहिलीच बातमी होती: बेथेल चॅपेलच्या भिंतीवर नवी पाटी बसणार. पाटीचा मजकूरही दिला होता.

'इथे १९७१ ते १९७८ या काळात डॉ. जॉर्ज हॅरवुड यांनी गिरणीतल्या स्त्रियांसाठी पहाटे पाचचा दवाखाना चालवला.'

मजकूर शुक्रवारी दुपारी बारा वाजता ओतशाळेत जाणार होता. लोखंडात ओतायची पाटी. एकदा ओतली की शंभर वर्षं हलणार नाही.

विभावरीबाईंनी ते दोनदा वाचलं. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या, प्रेसमधून पेला काढून पाणी प्यायल्या. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, त्यांनाही तीच सवय लागली होती. परत येऊन त्यांनी तिसऱ्यांदा वाचलं. मजकूर तोच होता.

तो दवाखाना डॉक्टर हॅरवुडांनी चालवला नव्हता. तो चालवला होता मृणालिनीने.

डॉक्टर मृणालिनी टिकेकर मिरजेची. हॅरवुडांच्या हाताखाली नोकरीला आली तेव्हा तीस वर्षांची, सडसडीत, थंडीने सतत नाक लाल झालेली. दोन महिन्यांत तिच्या लक्षात आलं की गिरणीतल्या बायका दवाखान्यात येतच नाहीत. पाळी सकाळी सहाला सुरू, दवाखाना नऊला. रजा घ्यावी तर पगार कापला जायचा. मग ती गर्भाशयाच्या मुखाची तपासणी असो की छातीतली गाठ, बायका अंगावर काढायच्या आणि उशीर झाल्यावर यायच्या. मृणालिनी म्हणाली, त्या आपल्याकडे येत नाहीत तर आपण त्यांच्या वेळेला जाऊ. गिरणीच्या फाटकासमोरच बेथेल चॅपेल. त्याची रविवारच्या शाळेची खोली मागून घेतली आणि पहाटे पाच ते सहा दवाखाना सुरू केला. डॉक्टर ती, नर्स नोरा बॉयल, रजिस्टर विभावरीकडे. सात वर्षं. बायका तिला 'डॉक्टर टिक' म्हणायच्या. टिकेकर म्हणायला पहाटे पाचला कुणाची जीभ वळणार.

एडिथ पिकल्स त्याच खोलीत वाचली. तिच्यासारख्या आणखी एकोणीस.

मृणालिनीने लग्न केलं नाही. पुढे मिरजेला परतली आणि २००३ साली गेली. मागे कुणी नाही. तिच्यासाठी बोलायला उरल्या होत्या त्या विभावरीबाई.

त्यांनी मंडळाच्या सेक्रेटरी बाईंना, पॉलीनला, फोन लावला. पॉलीन गोड बाई. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मिसेस मगदूम, पण आमच्याकडे कागद आहे."

"कसला कागद?"

"चॅपेलचं मासिक. जून १९७४. दवाखान्याला तीन वर्षं झाली म्हणून छापलेलं टिपण. वाचू का? 'डॉक्टर हॅरवुड यांच्या प्रेरणेने आणि आशीर्वादाने हा दवाखाना सुरू झाला व त्यांच्याच मार्गदर्शनाखाली चालतो आहे. आमच्या हातून जी अल्पशी सेवा घडते तिचं सारं श्रेय त्यांचं आहे.'"

विभावरीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खाली नाव आहे, व्ही. मगदूम," पॉलीन हलकेच म्हणाली. "या तुम्हीच ना?"

त्याच होत्या. ते टिपण त्या विसरल्या नव्हत्या; वाक्यन् वाक्य आठवत होतं. ते कधी कुणी खरं धरेल असं मात्र वाटलं नव्हतं. चार ओळी लिहायच्या तर वडीलधाऱ्याचं नाव वर घालायचं, श्रेय त्याच्या पायाशी ठेवायचं, आपल्याकडे 'अल्पशी सेवा' ठेवायची. लिहिण्याची रीतच ती. नमस्कार करताना कुणी मोजतं का, समोरचा त्याला किती लायक आहे ते? पण एल्मरडेलच्या माणसांनी तो नमस्कार पुरावा म्हणून जपून ठेवला होता.

"हे मीच लिहिलंय," त्या म्हणाल्या, "आणि ते खरं नाही."

"मंडळाचा नियम आहे. छापील कागदाच्या विरुद्ध जायचं तर त्या काळी तिथे हजर असलेल्या दोन माणसांची सही केलेली निवेदनं लागतात. एक तुमचं घेऊ. पण कागदही तुमचाच, तेव्हा दुसरं भक्कम लागेल. शुक्रवारी बाराच्या आत."

"आणते," विभावरीबाई म्हणाल्या.

संध्याकाळी सलील घरी आला तेव्हा आई जेवणाच्या टेबलावर जुनी पत्रं पसरून बसली होती.

"आई, मृणालिनीमावशी जाऊन वीस वर्षं झाली," तो बूट काढत म्हणाला. "तिला काय फरक पडतो आता? हॅरवुड काही वाईट माणूस नव्हता. सोड ना."

"सोडायला मी धरलं कधी होतं? धरलं नाही म्हणून तर ही वेळ आली." त्यांनी एक नाताळचं कार्ड वर काढलं. "हे बघ. नोरा बॉयल. २००८ सालचं. नर्स म्हणून सगळं आयुष्य तिकडे काढलं आणि आपल्या गावी परत आली. पत्ता, डंग्लोजवळ, काउंटी डोनेगल. डंग्लो इथून किती लांब?"

"तासभर. पण आई, हे कार्ड सतरा वर्षांपूर्वीचं आहे. बाई आता..." त्याने वाक्य पुरं केलं नाही.

"पंच्याऐंशीची असेल. मी एकोणऐंशीची आहे आणि तुझ्यासमोर बसलेय. तू जन्मलास तो तिच्याच हातावर. मला डंग्लोला जायचंय."

सलीलला दोन्ही दिवस ऑपरेशनं होती. गुरुवारी सुरुचीच्या कारखान्यात तपासणी होती, तिला हलता येणार नव्हतं. विभावरीबाई म्हणाल्या, मी बसनं जाते. सलीलने सांगितलं की ती बस नोराच्या दारात नेणार नाही, आणि डोनेगलमध्ये गाडीशिवाय पान हलत नाही. "मग चालत जाते," म्हणून त्या पत्रं गोळा करायला लागल्या. सुरुची हसली. "मी शुक्रवारी सकाळी सुट्टी घेते, आई. नऊला निघू."

शुक्रवारी साडेसहाला विभावरीबाई कोट घालून, मांडीवर पर्स घेऊन सोफ्यावर बसल्या होत्या. पर्समध्ये पॉलीनकडून मागवून छापून घेतलेली टिपणाची प्रत, कोरे कागद आणि तीन पेनं.

"तीन कशाला?" सुरुचीने विचारलं.

"एक चालत नाही. एक ऐनवेळी बंद पडतं."

"म्हणजे खरं एकच."

"म्हणून तर तीन."

रस्ता दलदलीच्या माळातून जातो. दोन्ही बाजूंना तांबूस गवत, मध्येच काळ्या पाण्याचं तळं, कुणाच्या तरी धुराड्यातून पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, जळल्याचा वास. विभावरीबाई खिडकीतून बघत होत्या. अर्ध्या वाटेवर त्या म्हणाल्या, "मृणालिनीनं ते टिपण वाचलं होतं."

"मग? चिडल्या का त्या?"

"नाही. हसली. म्हणाली, छान लिहिलंस, अगदी लग्नपत्रिकेसारखं." "मला वाटलं, कौतुक करतेय."

सुरुचीने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि वायपर सुरू केले.

डंग्लोत त्या एका दुकानात शिरल्या. पुढे ब्रेड-दूध, मागे पोस्टाची खिडकी. काउंटरपलीकडची बाई लोकरीची टोपी घालून वर्तमानपत्र वाचत होती.

"नोरा बॉयल?" ती म्हणाली. "कुठली नोरा बॉयल? निम्मं गाव बॉयल आहे, आणि त्यातल्या चौदा तरी नोरा असतील."

"नर्स होती. इंग्लंडात."

"सगळ्याच नर्स होत्या, बाई, आणि सगळ्याच इंग्लंडात होत्या."

सुरुचीने मराठीत पुटपुटलं, "संपलं."

विभावरीबाईंनी डोळे मिटले. चॅपेलची खोली, रॉकेलची शेगडी, शेगडीवर हात शेकत बसलेली नोरा. शेवटची बाई गेली की पंधरा मिनिटं तिघींचा चहा व्हायचा. एकदा नोराने विचारलं होतं, तुमच्या नावात मध्ये हे पुरुषाचं नाव काय असतं? मृणालिनीने सांगितलं, लग्न झालं नसेल तर बापाचं, झालं असेल तर नवऱ्याचं. नोरा म्हणाली, आमच्याकडे तर आजोबापर्यंत जावं लागतं, सगळेच बॉयल, ओळखणार कसं? आणि मग तिने आपलं गावाकडचं नाव सांगितलं होतं.

"ह्यूई," विभावरीबाई म्हणाल्या. "बापाचं नाव ह्यूई. आजोबा डॅन. नोरा ह्यूई डॅन."

दुकानदार बाईने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "नोरा ह्यूई डॅन. मग तसं सांगा ना. धक्क्याच्या पुढे, पिवळं दार. पाय जरा अधू आहेत, जीभ चांगली आहे. चहाला नाही म्हणू नका, मनाला लावून घेते."

सव्वादहा वाजले होते.

पिवळं दार उघडायला वेळ लागला. आधी आधाराने चालायच्या चौकटीचा ठकठक आवाज, मग कडी. दारातली बाई आकसून निम्मी झाली होती, केस पांढरेशुभ्र, पण हनुवटी तीच. ती दोघींकडे बघत राहिली. मग म्हणाली, "विभा. तू कोट बदललास."

"पन्नास वर्षं झाली, नोरा."

"तो हिरवा चांगला होता. आत ये. ही कोण?"

"माझी सून. सलीलची बायको."

"मोठ्या डोक्याचा सलील? अठरा तास लावले त्यानं बाहेर यायला." नोराने सुरुचीकडे दयेने बघितलं. "अजून प्रत्येक गोष्टीला उशीरच करतो का गं?"

"रोज," सुरुची म्हणाली.

चहा झाला. चहाशिवाय काही बोलायची सोयच नव्हती. मग विभावरीबाईंनी पाटीची हकिकत सांगितली. नोरा मान हलवत ऐकत होती. "हॅरवुड," ती म्हणाली. "पाच वाजता हा बाबा, युअर मॅन, घोरत असायचा. सात वर्षांत एकदा आला, नाताळात, केक घेऊन. केक मात्र चांगला होता. दे, कुठे सही करू?"

तेव्हा विभावरीबाईंनी पर्समधून टिपणाची प्रत काढून टेबलावर ठेवली. तसं करायची गरज नव्हती. नोराने न बघताच सही केली असती. पण लपवून घेतलेल्या सहीची पाटी त्यांना नको होती.

नोराने चष्मा शोधला, वाचलं, आणि कागद उलटा ठेवला.

"हे मी विसरले नाहीये," ती म्हणाली. आवाज बदलला होता. "मी तेव्हाही वाचलं होतं. तू तिला पुसून टाकलंस, विभा, आणि आता मला म्हणतेस, तिला पुन्हा लिही."

"होय."

"तिनं तुला काही म्हटलं नाही?"

"म्हणाली, लग्नपत्रिकेसारखं लिहिलंस."

"मलाही तेच म्हणाली. मी भडकले होते. म्हटलं, जा आणि विभाला जाब विचार, की तुझं नाव कुठाय. तर हसून म्हणाली, आमच्याकडे पत्रिकेवर असंच असतं, मोठ्यांचं नाव वर. मग आम्ही खोली आवरायला लागलो. ती खुर्च्या भिंतीला लावत होती. माझ्याकडे पाठ होती तिची. तशीच म्हणाली, पण नोरा, पत्रिकेवर नवरीचं नाव तरी असतं."

खोलीत शेगडीतला पीट पडल्याचा आवाज झाला. सुरुचीने कप खाली ठेवला, तोही जपून.

विभावरीबाईंना सगळं आठवत होतं. एडिथची करंगळी, मिस ऑर्मरॉइडचा घरनंबर, नोराच्या आजोबाचं नाव. आणि ज्या बाईशेजारी सात वर्षं पहाटे बसल्या तिच्या मनातलं हे एक वाक्य त्यांना पन्नास वर्षांनी, दुसऱ्याच्या तोंडून कळलं होतं. डोळे भरून आले, ते त्यांनी पदराने टिपले. रडायला आलो नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. घड्याळात अकराला वीस कमी होते.

"आधी मी लिहिते," त्या म्हणाल्या. "ते वाच. पटलं तर तुझं लिही. नाही पटलं तर मी आल्या पावली परत जाते."

पहिलं पेन खरंच चाललं नाही. दुसऱ्याने त्यांनी लिहायला घेतलं. अक्षर रजिस्टरातलंच होतं, सरळ आणि टपोरं.

'जून १९७४ च्या मासिकातलं टिपण मी, विभावरी मगदूम हिने लिहिलं. त्यातलं श्रेयाचं वाक्य खोटं आहे. मला कुणी तसं लिहायला सांगितलं नव्हतं. मोठ्या माणसाचं नाव वर घालण्याची आमच्याकडे रीत आहे, म्हणून मी ते घातलं, आणि जिने काम केलं तिचं नाव घातलंच नाही. पाचचा दवाखाना डॉ. मृणालिनी टिकेकर यांच्या डोक्यातून निघाला आणि त्यांनीच तो सात वर्षं चालवला. डॉ. हॅरवुड यांनी परवानगी दिली आणि कधी आडवे आले नाहीत. मी रजिस्टर लिहीत होते. मला हे ठाऊक होतं.'

नोराने सावकाश वाचलं. शेवटच्या ओळीवर ती जरा थांबली. मग हात पुढे करून म्हणाली, "तिसरं पेन चालतंय का बघू."

तिने सात ओळी लिहिल्या, त्यातली एक केकबद्दल होती. सही केली, कंसात ह्यूई डॅनही घातलं.

घरात मोबाइलला रेंज नव्हती. नोरा म्हणाली, धक्क्यावर मिळते, मच्छीमार तिथेच उभे राहून बायकांशी भांडतात. तीही निघाली, सपातांवरच. सुरुचीने तिला गाडीत बसवलं, चौकट मागे टाकली. धक्क्यावर वारा इतका की कागद धरून फोटो काढायला तिघींचे हात लागले. अकरा पस्तीसला निवेदनं गेली.

अकरा पन्नासला पॉलीनचा फोन आला. विभावरीबाई गाडीबाहेर उभ्या राहून बोलल्या. सुरुचीने फोन स्पीकरवर टाकला होता, काच खाली करून नोरा ऐकत होती.

"समितीतल्या सगळ्यांनी वाचलं," पॉलीन म्हणाली. "फार मोलाचं आहे. आम्ही असं ठरवतोय की दोन्ही नावं घालू. 'डॉ. हॅरवुड आणि डॉ. टिकेकर यांनी.' सगळ्यांचाच मान राहील."

मान राहील. दोन दिवसांपूर्वी हे ऐकून विभावरीबाईंचं समाधान झालं असतं. त्यांनीच सुचवलं असतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "एकच नाव."

"मिसेस मगदूम, डॉक्टरांची नात अनावरणाला येणार आहे. तिला काय सांगू?"

"तिला माझा नंबर द्या. मी सांगते. तिचे आजोबा भले होते, माझ्या मुलाला त्यांनी कांजिण्यांत दोनदा रात्री येऊन बघितलं, ते मी तिला सांगेन. हवी तर त्याची वेगळी पाटी लावा, मी निवेदन देते. पण पहाटे पाचला ते तिथे नव्हते."

"तुमचं निवेदन मासिकाशेजारीच संग्रहात राहील, हे लक्षात आहे ना? कुणीही येऊन वाचू शकेल. त्यात तुम्ही स्वतःबद्दल फार कडक लिहिलंय. ती एक-दोन वाक्यं सौम्य करायची असतील तर..."

"पन्नास वर्षांपूर्वी सौम्यच लिहिलं होतं मी," विभावरीबाई म्हणाल्या. "आता आहे तसं राहू दे. आणि पॉलीन, बाराला पाच कमी आहेत."

पॉलीनने थांबा म्हटलं. फोनमधून खुर्च्या सरकल्याचे, दोन-तीन माणसं एकदम बोलल्याचे आवाज येत होते. विभावरीबाई वाऱ्यात ताठ उभ्या होत्या. सुरुचीने आपली शाल त्यांच्या खांद्यावर टाकली, ती त्यांच्या लक्षातही आली नाही. होडीवरून उतरणाऱ्या एका माणसाने हात केला, नोराने गाडीतूनच त्याला हाताने गप्प राहायची खूण केली.

"ऐका," पॉलीन परत आली. "वाचून दाखवते, चूक असेल तर आत्ताच सांगा. 'इथे १९७१ ते १९७८ या काळात डॉ. मृणालिनी टिकेकर यांनी गिरणीतल्या स्त्रियांसाठी पहाटे पाचचा दवाखाना चालवला.'"

विभावरीबाईंनी नोराकडे बघितलं. नोराने मान डोलावली.

"चूक नाही," त्या म्हणाल्या. "पाठवा."

तिघी परत पिवळ्या दाराच्या घरात आल्या. नोराने पुन्हा किटली चढवली आणि पीटची एक वीट शेगडीत टाकली. "अनावरणाला जायचं का गं, विभा?" तिने पाठमोरी राहूनच विचारलं. "मला बोट लागते. पण एकदा लागली तर लागली."

"जाऊ. तारीख कळली की सांगते. पण फोन नंबर दे आधी. दरवेळी तुझ्या आजोबाला कुठे शोधत बसू?"

सुरुची मोबाइलमध्ये काहीतरी बघत होती. विभावरीबाई तिच्या शेजारी टेकल्या. "दिवाळीचं आमंत्रण गेलं का?"

"नाही, राहिलंच. प्रतापकाकांचं नाव वर घालायचं होतं ना. घालते आत्ता."

"नको घालू. तुझं आणि पोरींचं आहे ते बरं आहे."

सुरुचीने मोबाइलवरून मान वर केली. "आणि काका रुसले तर?"

विभावरीबाईंनी बशीतलं बिस्किट उचललं, चहात बुडवलं. "आदल्या दिवशी चकल्या पाडायला या म्हणावं. आले तर घालू त्यांचं नाव. शेवटी."